मेडिसिनच्या क्लिनिकल परीक्षेची तयारी: आधी स्वतः पेशंट होऊन बघा

मेडिसिनची ती परीक्षा, ज्यात समोर खरा आजारी माणूस नसून आजाराची भूमिका करणारा माणूस बसलेला असतो, तिची तयारी कशी करायची हे मला इतक्या ज्युनियर्सनी विचारलंय की आता एकदा नीट लिहूनच काढते. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते, पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच करा. डॉक्टर व्हायची प्रॅक्टिस सुरू करायच्या आधी चार-पाच वेळा पेशंट व्हा. मित्राला डॉक्टर करा, केसचा कागद स्वतः पाठ करा, खुर्चीत बसा आणि तो काय विचारतो, कधी विचारतो, तुमच्या उत्तरावर त्याचा चेहरा कसा होतो ते बघा.

मला हे उशिरा कळलं. पहिल्यांदा मी परीक्षेत नापास झाले तेव्हा मला खरंच कळेना की कुठे चुकलं, कारण प्रश्न सगळे विचारले होते, यादी तोंडपाठ होती. मग पुढच्या बॅचच्या मॉक परीक्षेत पेशंट कमी पडले म्हणून मला बसवलं. केस अशी होती: वय ४६, बाई, दोन आठवडे जिना चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, थांबलं की जातं. कागदावर खाली दोन ओळी होत्या. वडील ४८व्या वर्षी झोपेत हार्ट अॅटॅकने गेले, आपलंही तसंच होणार अशी भीती आहे. आणि परवा रात्री झोपेतून उठून बसावं लागलं, दहा मिनिटं दुखत होतं, पण हे घरी कुणाला सांगितलेलं नाही, डॉक्टरांनी आपुलकीने विचारलं तरच सांगायचं.

त्या दुपारी सहा जणांनी माझी हिस्टरी, म्हणजे आजाराची सगळी माहिती, विचारून घेतली. सहाही जणांनी विचारलं, घरात कुणाला हार्टचा त्रास? मी म्हणायचे, "वडील गेले, अठ्ठेचाळीसाव्या वर्षी," आणि कागदात लिहिलं होतं तसं खाली बघून गप्प बसायचे. पाच जण म्हणाले "ओके" आणि लगेच विचारलं, शुगर आहे का? सहावी मुलगी मात्र लिहायची थांबली, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "अरेरे. तेव्हा तुम्ही केवढ्या होतात?" बस, मला पुढचं सगळं सांगावंसंच वाटलं, भूमिका असूनही. भीती सांगितली, रात्रीचं दुखणं सांगितलं, गेले चार दिवस जिनाच चढत नाही म्हणून दिवसा दुखत नाही हेही सांगितलं. पहिल्या पाच जणांनी एक्झामिनरला सांगितलं की स्टेबल अँजायना, म्हणजे फक्त श्रमाने होणारं हार्टचं दुखणं आहे, चार दिवसांत बरंही वाटतंय, ओपीडीतून तपासण्या करू. सहावीने सांगितलं की बसल्या जागी, झोपेत दुखायला लागलंय म्हणजे हे अनस्टेबल, हार्ट अॅटॅककडे जाऊ शकणारं आहे, लगेच ईसीजी आणि ट्रोपोनिन (हार्टला इजा झालीय का ते सांगणारी रक्ततपासणी) करून आजच अॅडमिट करीन. एका पेनचा फरक. पहिल्या पाच जणांत मला मीच दिसत होते.

म्हणून पहिलं काम, केसचा कागद कसा बनतो ते समजून घ्या. भूमिका करणाऱ्याला एक तपशीलवार कागद दिलेला असतो आणि त्यावर माहितीचे थर असतात. सुरुवातीचं एक वाक्य, जे तो कुणालाही सांगणार. मग मोकळा प्रश्न विचारला तर सांगायच्या गोष्टी. मग नेमकं विचारलं तरच सांगायच्या गोष्टी, उदाहरणार्थ औषधं, दारू, लैंगिक संबंध, कामाचं स्वरूप. आणि सगळ्यात खाली मनातली काळजी, आणि बहुतेक वेळा शेवटी डॉक्टरांना विचारायचा एक अवघड प्रश्न, "मला कॅन्सर तर नाही ना?" असा. हे कुणी तुम्हाला फसवायला करत नाही. खरा पेशंट असाच असतो, तोही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दाराच्या कडीला हात लावल्यावर सांगतो.

ही पद्धत काही नवी नाही. हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने १९६३च्या सुमारास अमेरिकेत पहिल्यांदा असा शिकवून तयार केलेला पेशंट वापरला, तेव्हा त्याला प्रोग्राम्ड पेशंट म्हणायचे. आणि स्टेशन-स्टेशन फिरत द्यायची जी ऑस्की आपल्याला माहिती आहे ती रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडमधल्या डंडीला सुरू केली, १९७५ला त्यावर लेख आला. कारण साधं होतं, आधी एका विद्यार्थ्याला सोपा पेशंट मिळायचा, दुसऱ्याला अवघड, आणि मार्क नशिबावर जायचे. आता सगळ्यांना एकच केस, एकच वेळ. एमआरसीपी या फिजिशियनसाठीच्या ब्रिटिश परीक्षेच्या पेसेस नावाच्या क्लिनिकल भागात हेच जास्त वरच्या पातळीवर होतं: पाच स्टेशन्स, खरे पेशंट आणि भूमिका करणारे पेशंट दोन्ही, प्रत्येक ठिकाणी दोन एक्झामिनर आपापले वेगळे मार्क देतात. आणि सात कौशल्यांचे मार्क वेगवेगळे धरतात, त्यात पेशंटच्या काळज्या हाताळणं हे एक आणि पेशंटला त्रास न होऊ देणं हे एक अशी दोन स्वतंत्र कौशल्यं आहेत. म्हणजे डायग्नोसिस कितीही अचूक आलं तरी ते मार्क इथल्या कमतरतेवर पांघरूण घालत नाहीत. हे वाचून तरी "कम्युनिकेशन काय, आयत्या वेळी बघू" म्हणू नका.

आता दाराबाहेरचा वेळ. बहुतेक परीक्षांत आत जायच्या आधी कागद वाचायला थोडा वेळ देतात आणि तो लोक घाबरण्यात घालवतात. मी एक सवय लावून घेतली, कागदावरचं क्रियापद आधी शोधायचं. हिस्टरी घ्या, की तपासा, की समजावून सांगा? हे वाचायला साधं वाटतं पण मी एक्झामिनरच्या खुर्चीत बसायला लागल्यापासून बघते, "पेशंटला स्टेरॉइड सुरू करायचंय, ते समजावून सांगा" असं लिहिलेलं असताना लोक आठ मिनिटांतली पाच मिनिटं हिस्टरी घेतात. क्रियापदानंतर वय, जागा आणि आकडे बघा. ओपीडी आहे की इमर्जन्सी, पल्स, बीपी, सॅच्युरेशन दिलंय का. मग मनात तीन शक्यता धरा, एक नेहमीची, एक जी चुकली तर जीव जाईल अशी, आणि एक औषधामुळे झालेली. तिसरी लोक विसरतात. खोकला असेल तर बीपीची एसीई इन्हिबिटर गोळी, चक्कर येत असेल तर लघवी वाढवणारी पाण्याची गोळी, काळी शौच होत असेल तर गुडघ्यासाठी घेतलेली पेनकिलर, आणि हो, लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, ते विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आत गेल्यावर हात स्वच्छ करा, नाव सांगा, त्यांचं नाव आणि वय विचारून खात्री करा, बसा. मग एकच मोकळा प्रश्न विचारा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं शिकावं लागतं, आपोआप येत नाही. १९८४ सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं की डॉक्टर पेशंटला सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडतात. घड्याळ लावून बघा, तुम्हीही तेच करत असाल. मी ज्युनियर्सना सांगते की पहिलं एक मिनिट पेशंटचं, त्यात फक्त "हं", "मग?", "आणखी काही?" एवढंच. त्या मिनिटात पेशंट तुमच्या यादीतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं स्वतःहून देतो, त्यामुळे वेळ वाया जात नाही, उलट वाचतो. आणि तो जे शब्द वापरतो ते मनात टिपून ठेवा. तो "धडधड" म्हणाला तर तुम्हीही पुढे धडधडच म्हणा, पाल्पिटेशन नको.

मग हळूहळू प्रश्न अरुंद करत जा. दुखण्यासाठी कुठे, कधीपासून, कसं सुरू झालं, कसलं दुखणं, कुठे पसरतं, बरोबर आणखी काय होतं, कशाने वाढतं-कमी होतं, किती जोराचं, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. पण प्रत्येक उत्तरानंतर स्वतःला विचारायचं की यामुळे माझ्या तीन शक्यतांपैकी कुठली वर गेली, कुठली खाली गेली. नाहीतर ती नुसती फॉर्म भरल्यासारखी हिस्टरी होते आणि एक्झामिनरला ते लगेच दिसतं.

काही प्रश्न असे आहेत की ज्यांच्यावर अख्खी केस फिरते. डोकेदुखीत "किती वेळात टोकाला गेलं?" हा प्रश्न, काही सेकंदांत आयुष्यातलं सगळ्यात भयंकर दुखणं म्हणाला तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत तो मेंदूभोवतीचा रक्तस्राव धरायचा. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला नव्याने डोकेदुखी असेल तर केस विंचरताना दुखतं का, चावताना जबडा भरून येतो का, नजरेत काही फरक पडलाय का हे विचारायचंच, कारण जायंट सेल आर्टेरायटिस या रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजारात उशीर झाला तर डोळा जातो. दम लागत असेल तर किती उशा घेऊन झोपता, रात्री गुदमरून उठावं लागतं का, एका पायाची पोटरी दुखते-सुजते का, नुकतं ऑपरेशन किंवा लांबचा प्रवास झालाय का. कावीळ असेल तर लघवीचा रंग, शौचाचा रंग, खाज. वजन कमी झालं असेल तर भूक कशी आहे, कारण भूक चांगली असून वजन उतरतंय म्हणजे थायरॉइड किंवा शुगरकडे आधी बघायचं, भूकच मेली असेल तर दिशा वेगळी. आणि बेशुद्ध पडलेल्याची हिस्टरी तीन तुकड्यांत घ्या, आधी, दरम्यान, नंतर, आणि दरम्यानचं त्याला माहितीच नसतं म्हणून "कुणी बघितलं का?" हे विचारा. व्यायाम करताना पडला असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर घाबरण्यासारखं आहे. गाडी चालवतात का हेही विचारा, हा प्रश्न ऐकला की एक्झामिनर मान हलवतो.

दारू, तंबाखू, लैंगिक हिस्टरी यांना लोक अडखळतात. आधी एक वाक्य टाकायचं, "पुढचे काही प्रश्न खासगी आहेत, पण या त्रासाचं कारण शोधायला लागतात म्हणून सगळ्यांनाच विचारते, चालेल ना?" मग सरळ आवाजात विचारायचं. तुम्ही लाजलात की पेशंटही लाजतो.

आणि ते तीन प्रश्न, तुम्हाला स्वतःला काय वाटतं हे कशामुळे असेल, सगळ्यात जास्त काळजी कसली वाटते, आणि आज माझ्याकडून काय अपेक्षा आहे. हे तिन्ही शेवटी एका दमात विचारू नका. मी इतक्या वेळा ऐकलंय, "काही आयडिया, काही काळजी, काही अपेक्षा?" असं झाडू मारल्यासारखं, आणि भूमिका करणारा माणूस कागदाप्रमाणे "नाही" म्हणतो, कारण त्याला तसं सांगितलेलं असतं की यांत्रिकपणे विचारलं तर उघडू नका. धागा दिसला की तिथेच धरा. पेशंट म्हणाला "माझ्या बहिणीलाही असंच झालं होतं", तर तिथेच थांबा, बहिणीचं पुढे काय झालं ते विचारा.

आता तपासणी, आणि इथे भूमिका करणाऱ्या पेशंटचा एक वेगळाच प्रश्न येतो. तो निरोगी आहे. तो पोटावर हात ठेवला की कळवळू शकतो, पोट ताठ करू शकतो, एक हात कमजोर दाखवू शकतो, मान वाकवायला नकार देऊ शकतो, धापा टाकू शकतो, लंगडत चालू शकतो. पण मर्मर (हार्टचा जादा आवाज) तयार करू शकत नाही, क्रेप्स (फुप्फुसातला चरचर आवाज) काढू शकत नाही, प्लीहा वाढवू शकत नाही, रिफ्लेक्स घालवू शकत नाही. म्हणून अशा स्टेशनला दोन गोष्टी. एक, जे नाही ते ऐकू आलं म्हणून सांगू नका. हिस्टरी हार्ट फेल्युअरची होती म्हणून "खाली क्रेप्स आहेत" असं ठोकून देणारे दर मॉकला निघतात, आणि यापेक्षा मोठी चूक नाही, कारण नसलेलं फाइंडिंग सांगणं म्हणजे उद्या खऱ्या वॉर्डात खोटं लिहिणं. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. नॉर्मल वाटलं तर शांतपणे नॉर्मल म्हणा, आणि मग "हिस्टरीवरून मला शंका आहे म्हणून छातीचा एक्स-रे आणि इको करीन" असं सांगा, त्यात काही कमीपणा नाही. दोन, जी फाइंडिंग्ज करून दाखवता येत नाहीत ती बऱ्याच ठिकाणी एक्झामिनर कार्डावर देतो, पण तुम्ही तपासणी नीट केलीत तरच. स्टेथोस्कोप कपड्यावरून लावून कार्ड मागू नका.

पोट तपासताना आधी विचारा कुठे दुखतं, ती जागा सगळ्यात शेवटी दाबा, आणि दाबताना नजर हातावर नाही, चेहऱ्यावर. पहिल्यांदा हे मलाही जमायचं नाही, सारखं खाली बघायचे. भूमिका करणारी एक बाई मॉकनंतर मला म्हणाली, "डॉक्टर, मी दोनदा तोंड वाकडं केलं, तुम्ही बघितलंच नाही, तिसऱ्यांदा मला ओरडावं लागलं." तेव्हापासून लक्षात राहिलं. आणि दुखतंय हे एकदा कळल्यावर पुन्हा पुन्हा दाबून खात्री करायची नाही. दिवसभरात त्या माणसाचं पोट वीस-वीस जण दाबतात हो, अभिनय असला तरी पोट खरंच असतं. आधी सांगा काय करणार आहात, गार हात घासून घ्या, जेवढं लागेल तेवढंच उघडा, झालं की लगेच चादर ओढा, उठून बसायला हात द्या. हे सगळं केल्याचं कळतं आणि न केल्याचं जास्त कळतं.

तपासणीचा क्रम हातात बसला पाहिजे, डोक्यात नाही. हार्टच्या तपासणीसाठी ४५ अंशांवर टेकवणं, मानेची शीर बघणं, मर्मरसाठी डावीकडे वळवून आणि पुढे वाकवून श्वास सोडून थांबायला लावणं, यातला एकही टप्पा आठवावा लागता कामा नये. कारण आठवण्यात डोकं गेलं की बघणं बंद होतं. रोज एक सिस्टिम, रोज एका माणसावर, आजारी असण्याची गरज नाही, घरातलं कुणीही चालेल. तीस-चाळीस नॉर्मल छात्या ऐकल्या की एक्केचाळिसावी वेगळी आहे हे कान स्वतःच सांगतो. आणि तपासणी सुरू करायच्या आधी पलंगाच्या पायथ्याशी दहा सेकंद उभं राहून नुसतं बघा. ऑक्सिजनची नळी, इन्हेलर, पायाची सूज, हाताचा कंप, बाजूला ठेवलेली काठी. बऱ्याच केसेस तिथेच अर्ध्या सुटतात.

वेळेचं गणित प्रत्येक परीक्षेत वेगळं, पण हिस्टरीच्या स्टेशनला शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायचीच. त्यात पेशंटला थोडक्यात परत सांगायचं, "म्हणजे बघा, मला जे समजलं ते असं..., काही राहिलं का?" या "काही राहिलं का" वर निसटलेली गोष्ट परत मिळते, मला स्वतःला अशा एका प्रश्नाने रक्त पातळ करायची गोळी सापडली होती जी औषधांच्या वेळी त्या बाईंनी सांगितलीच नव्हती.

एक्झामिनरसमोर बोलताना गोष्ट सांगू नका, निष्कर्षापासून सुरू करा. "४६ वर्षांच्या बाई, दोन आठवडे चालताना आणि परवापासून झोपेतही छातीत दुखतंय, वडिलांना लवकर हार्टचा आजार, मला अनस्टेबल अँजायना वाटतो." एवढं झालं की मग विरोधातले महत्त्वाचे मुद्दे, दुखणं पाठीत फाडल्यासारखं नाही, श्वासाबरोबर वाढत नाही. मग आधी काय करणार. इथे यादी म्हणायची सवय घालवा. "सीबीसी, एलएफटी, आरएफटी, सीटी" असं फडाफडा म्हणण्यापेक्षा कॉटपाशी काय करीन, रक्तात काय आणि कशासाठी, मग कुठली इमेजिंग, असं कारणासकट सांगा. प्रत्येक तपासणीच्या मागे "कारण" हा शब्द लावायची प्रॅक्टिस करा, दोन आठवड्यांत बोलणं बदलतं. आणि पेशंट आजारी असेल तर पहिलं वाक्य श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण यावरच हवं, तपासण्या नंतर.

समजावून सांगायच्या स्टेशनला लोक फार बोलतात. थोडं सांगा, थांबा, समजलं का बघा, मग पुढचं. समजलं का म्हणजे "समजलं ना?" नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. "घरी गेल्यावर घरच्यांना हे कसं सांगाल?" असं विचारा, मग कळतं त्यांनी काय ऐकलं. काही औषधांची जीवघेणी वाक्यं असतात ती चुकायला नकोत. बराच काळ स्टेरॉइड घेणाऱ्याला, एकदम बंद करू नका. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी घेणाऱ्याला, ही गोळी आठवड्यातून एकदाच, रोज नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला, डोक्याला मार लागला तर बाहेरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात या.

वाईट बातमी सांगण्यासाठी स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत आहे, २०००मध्ये छापली गेलेली, कॅन्सरच्या डॉक्टरांनी बनवलेली: जागा आणि माणसं नीट करणं, पेशंटला आधीच काय माहिती आहे ते विचारणं, किती ऐकायचंय ते विचारणं, सांगणं, भावनांना जागा देणं, पुढचं ठरवणं. पायऱ्या पाठ करा, पण खरी परीक्षा चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मध्ये आहे. "रिपोर्ट आपल्याला हवा तसा आलेला नाही" असं म्हणायचं, क्षणभर थांबायचं, मग साध्या शब्दांत सांगायचं, आणि मग गप्प. सरळ गप्प. त्या शांततेत दहा सेकंदही तासासारखे वाटतात आणि तोंडातून "पण काळजी करू नका, आता खूप चांगली ट्रीटमेंट आहे" निघून जातं. ते गिळा. पेशंटला पहिलं बोलू द्या. मी हे आरशासमोर नाही, माणसासमोर घड्याळ लावून केलंय, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी जमलं.

चिडलेले नातेवाईक आले तर स्वतःची बाजू मांडायला जाऊ नका. आधी पूर्ण ऐका, राग कशाचा आहे त्याचं नाव घ्या, "दोन दिवस कुणीच नीट सांगितलं नाही, याचा राग येणारच," आणि जिथे चूक झालीय तिथे स्पष्ट माफी मागा. पण एक सापळा इथे ठेवलेला असतो. नातेवाइकाला पेशंटची माहिती द्यायला पेशंटची परवानगी आहे का? कागदावर लिहिलेलं नसेल तर आधी विचारा.

प्रॅक्टिस तिघांत करा. एक डॉक्टर, एक पेशंट, एक एक्झामिनर, आणि भूमिका फिरवत राहा. चौघं झाले की गप्पा होतात, दोघं असले की मार्क द्यायला कुणी नसतं. केसेस विकत घेण्यापेक्षा लिहा. वॉर्डात बघितलेला पेशंट डोळ्यासमोर आणून, नाव-गाव-ओळख पटेल असं सगळं काढून, वय आणि काम बदलून कागद बनवा. असा काहीसा:

सुरुवातीचं वाक्य: "डॉक्टर, महिनाभर खूप थकवा आहे."
मोकळं विचारलं तर: दम लागतो, जिन्यावर थांबावं लागतं, फिकट दिसतेस असं सगळे म्हणतात.
नेमकं विचारलं तरच: दोन महिने गुडघ्यासाठी दुकानातून पेनकिलर घेतेय, शौच काळी आणि चिकट होते, पोटात जळजळ.
मनातली भीती: आई आतड्याच्या कॅन्सरने गेली.
सूचना: आईबद्दल विचारल्यावर आधी नुसतं "ती नाहीये आता" म्हणा आणि थांबा.
शेवटचा प्रश्न: "दुर्बिणीची तपासणी टाळता नाही का येणार?"

असे दहा कागद लिहिलेत की परीक्षेतल्या अकराव्या केसचा खालचा थर तुम्हाला वरूनच जाणवायला लागतो, कारण तो कुठे लपवतात हे तुम्ही स्वतः लपवून शिकलेले असता. ऐकीव नाही, हे अनुभवाने सांगतेय. दुसऱ्यांदा परीक्षेला बसले तेव्हा मी नवीन काहीच वाचलं नव्हतं.

फीडबॅक देताना "छान झालं" म्हणू नका, मिनिट आणि वाक्य सांगा. "तिसऱ्या मिनिटाला मी मुलाबद्दल बोलले तेव्हा तू कागदाकडे बघत होतास." आधी पेशंट झालेल्याने बोलायचं, मग एक्झामिनरने. बरेचदा पेशंट झालेल्याचं म्हणणंच जास्त उपयोगी निघतं. परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डही करा, स्वतःचा आवाज ऐकणं त्रासदायक असतं पण किती वेळा "ओके" म्हणता ते मोजता येतं. माझे एका आठ मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकतीस निघाले होते. प्रत्येक "ओके" म्हणजे पेशंटच्या बोलण्यावर लावलेलं झाकण आहे असं समजा आणि त्याच्या जागी पेशंटचाच शेवटचा शब्द प्रश्नासारखा परत म्हणा. "रात्री झोपच लागत नाही." "झोप लागत नाही?" इतकंच.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका, रोज दोन-तीन केसेस पूर्ण वेळेत, बेल लावून, उभं राहून. परीक्षेच्या दिवशी एखादं स्टेशन बिघडणारच, सगळ्यांचं बिघडतं. पुढच्या खोलीतल्या एक्झामिनरला मागे काय झालं ते माहिती नसतं, आणि पुढच्या पेशंटला तर नाहीच. मी दोन स्टेशनांच्या मध्ये हात धुताना मागचं स्टेशन सोडायची सवय लावली होती, पाणी किंवा सॅनिटायझर हाताला लागला की ते संपलं. आणि बेल वाजली तेव्हा वाक्य अर्धं असेल तर ते अर्धंच सोडा, उठताना पेशंटकडे बघून "थँक यू, तुम्ही सगळं मोकळेपणाने सांगितलंत" म्हणा, चादर सरकली असेल तर नीट करा, आणि पुढच्या दारावरचा कागद हातात घेऊन क्रियापद शोधा.